डायव्हिंग मास्कवर वाफ का धरते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात स्कूबा डायव्हिंगच्या सामानाविषयी प्रश्न मागवले होते. रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात ते उपकरण), फिन्स, टाकी यांबद्दल मोजकेच आले. बाकी सगळ्यांची रड एकच: पाण्यात उतरलं की मास्क फॉग होतो. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: अंदमानला जाण्याआधी चांगला महागातला मास्क घेतला. दुकानदाराने अँटिफॉगची (धुकं रोखणाऱ्या द्रवाची) बाटलीही दिली. तरी स्वराज द्वीपला पहिल्या डाइव्हला पाच मिनिटांत काच पांढरी झाली. मास्क सदोष आहे का? (वाचक, पुणे)

मास्क सदोष नाही, नवा आहे. नवा मास्क हमखास फॉग होतो आणि त्याचा किमतीशी काही संबंध नसतो.

आधी वाफेचा हिशेब पाहू. नाकातून बाहेर पडणारी हवा साधारण 34 अंशांची आणि ओलाव्याने भरलेली असते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे 37 ग्रॅम पाण्याची वाफ मावते. काचेच्या बाहेर 27 अंशांचं समुद्राचं पाणी असतं, त्यामुळे काचही तेवढीच गार असते. 27 अंशांच्या हवेत सुमारे 25 ग्रॅमच वाफ मावते. उरलेले बारा ग्रॅम काचेवर बसणार. मास्कच्या आत हवा असते दीडशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे एका वेळी काचेवर बसणारं पाणी दोन मिलिग्रॅमच्या आत. इतकं कमी पाणी सलग पसरलं तर ते तुम्हाला दिसणारही नाही. अडचण पाणी बसण्याची नसून ते बारीक बारीक थेंबांत बसण्याची आहे. प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो आणि काच पांढरी दिसते.

पाणी थेंबांत का बसतं? काच पाण्याला धरून ठेवत नाही म्हणून. मास्कचा मऊ स्कर्ट, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा भाग, सिलिकोनचा असतो. साच्यातून काढताना वापरलेलं द्रव्य आणि सिलिकोनमधून हळूहळू बाहेर येणारा अंश, दोन्हींचा एक न दिसणारा थर काचेवर बसतो. या थरावर पाणी पसरत नाही, गोळा होतं. तुमचा अँटिफॉग त्या थरावर लावला गेला, काचेला तो लागलाच नाही. मास्क बुडवल्याबरोबर निम्मा धुऊन गेला.

उपाय घरच्या घरी होतो. लागते फक्त पांढरी, साधी टूथपेस्ट. जेलची नको, कारण तिच्यात घासणारी पूड पुरेशी नसते. कोळशाची, मिठाच्या खड्यांची नको. लाल दंतमंजन तर नकोच, ते सिलिकोनच्या खाचेत जाऊन बसतं आणि डाग सोडतं.

काच कोरडी असताना प्रत्येक भिंगावर आतून वाटाण्याएवढी पेस्ट घ्या. पाणी लावू नका. बोटाच्या टोकाने गोल गोल, जोर लावून दोन-तीन मिनिटं चोळा. बहुतेक लोक मधोमध चोळतात आणि कडा सोडतात, नंतर धुकं कडेनेच आत सरकतं. काच आणि स्कर्ट जिथे मिळतात त्या खाचेत आणि नाकाच्या खोबणीच्या वरच्या कोपऱ्यात बोट पोचत नाही, तिथे मऊ टूथब्रश वापरा. मग कोमट पाण्याने धुवा. असं तीन-चार वेळा करा. हट्टी थर असेल तर शेवटची पेस्ट रात्रभर काचेवर तशीच वाळू द्या आणि सकाळी ओली करून पुन्हा चोळा. बाहेरच्या बाजूला एकदा केलं तरी पुरे. बाहेरच्या काचेवर आरशासारखं रंगीत कोटिंग असेल तर तिथे हात लावू नका.

झालं की नाही, हे पाहायची रीत: मास्क नळाखाली धरा. पाणी थेंबथेंब होऊन ओघळलं तर थर आहे, सलग पसरून उतरलं तर काच स्वच्छ झाली. यात एक फसवणूक आहे. टूथपेस्टमध्ये फेस करणारं द्रव्य असतं, ते नीट निघालं नसेल तरीही पाणी छान पसरतं. म्हणून मास्क भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच ही परीक्षा घ्या.

दोन अपवाद. कंपनीने आतून अँटिफॉग कोटिंग दिलं असेल (तसं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं) तर टूथपेस्टने ते खरवडून निघेल. आणि भिंग काचेचं नसून पॉलिकार्बोनेटचं असेल तर त्यावर ओरखडे पडतील. स्कूबाच्या मास्कला टेम्पर्ड (उष्णतेने मजबूत केलेली) काचच असते, पण बाजारात मुलांचे आणि स्नॉर्केलिंगचे स्वस्त मास्क प्लास्टिकचे मिळतात.

प्रश्न: डिसेंबरमध्ये सहकुटुंब मालवणला ट्राय डाइव्ह (इन्स्ट्रक्टरसोबतची, अनुभवापुरती डाइव्ह) करणार आहोत. मास्क तिथलाच मिळणार. टूथपेस्ट वगैरे तिथे शक्य नाही. मग काय करायचं? (वाचक, नाशिक)

भाड्याचा मास्क रोज वापरात असतो, त्यामुळे कारखान्याचा थर बहुधा केव्हाच गेलेला असतो. तिथे त्रास देतात त्या दोन गोष्टी: सनस्क्रीनची बोटं आणि घाई.

सनस्क्रीन लावायचं तर निदान अर्धा तास आधी लावा, कपाळावर थापू नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय मास्कच्या आत बोट घालू नका. सनस्क्रीनचं तेल काचेला लागलं की धुकं रोखायला आतून लावतात ती थुंकीही काम करत नाही आणि शाम्पूही. खोबरेल लावलेल्या केसांची बटही तेच करते.

मास्क हातात आला की आतली काच कोरडी आहे का ते पाहा. ओली असेल तर स्वच्छ सुती रुमालाने पुसा. थुंकी किंवा शाम्पू कोरड्या काचेला धरतो. ओल्या काचेवर तो आधीच पातळ होतो. मग लावा, बोटाने कडेपर्यंत पसरवा, मास्क समुद्राच्या पाण्यात एकदाच बुडवून हेलकावा द्या आणि ओतून टाका. दोनदा-तीनदा खळबळलात तर लावलेलं सगळं गेलं. त्यानंतर आत बोट लावायचं नाही. चेहऱ्यावर पाणी मारून तोंड गार करा आणि मास्क लगेच घाला. घालून बोटीवर दहा मिनिटं गप्पा मारत बसू नका. घाम आणि नाकातला श्वास आत साचत राहतो आणि पाण्यात जाईपर्यंत काच पांढरी झालेली असते.

कपाळावर चढवून ठेवायची सवय तर अगदीच वाईट. कपाळाची ऊब आणि घाम थेट काचेला मिळतो. त्यात लाट आली की मास्क डोक्यावरून उडतो, आणि बऱ्याच डायव्हरांच्या रिवाजात कपाळावरचा मास्क म्हणजे माणूस अडचणीत असल्याची खूण. काढायचाच असेल तर गळ्यात ओढून घ्या. बोटीच्या फळीवर उन्हातही टाकू नका. आत राहिलेलं पाणी उन्हाने वाफ होऊन बसतं आणि गार पाण्यात शिरताच काचेवर उतरतं.

एक गोष्ट निक्षून सांगायची. बोटीवर एकच बादली असेल आणि सगळ्यांचे थुंकी लावलेले मास्क त्यातच बुडवले जात असतील, तर तुमचा मास्क थेट समुद्रात धुवा. डोळे येण्याची साथ असेल तेव्हा ती बादली कोणालाही सोडत नाही.

प्रश्न: थुंकी किळसवाणी वाटते. बेबी शाम्पू किती घालायचा? रिठ्याचं पाणी चालेल का? (वाचक, सातारा)

थुंकीत, शाम्पूत, विकतच्या अँटिफॉगमध्ये काम एकच होतं: पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब न होता पाणी पसरतं. तेव्हा किळस येत असेल तर सोडून द्या, काही अडत नाही.

एक भाग बेबी शाम्पू, तीन भाग पाणी. 30 मिलिलिटरची फवाऱ्याची छोटी बाटली एका सहलीला पुरते. दर भिंगाला एक फवारा, बोटाने पसरवणं, मिनिटभर थांबणं, एक बुडी. पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि सहल संपली की उरलेलं फेका. पातळ केलेला शाम्पू उष्ण हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत नासतो. बेबी शाम्पूच का, तर डोळ्यांत गेला तरी फार झोंबत नाही. भांड्यांचा साबण धुकं उत्तम रोखतो, पण पंधरा मीटर खाली डोळे झोंबायला लागले तर चोळायला हात मास्कच्या आत जात नाही.

त्याच कारणासाठी रिठा नको. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं, म्हणजे तत्त्वतः चालायला हवं. पण न्हाताना रिठा डोळ्यांत गेलेल्या कोणालाही विचारा. कच्च्या बटाट्याची चकती चोळण्याचा जुना उपायही ऐकिवात असेल. तो थोडाफार चालतो, पण शाम्पू हाताशी असताना बटाटा भाजीलाच ठेवा.

प्रश्न: व्हिडिओत लायटरने काच जाळून थर काढतात. करावं का? (वाचक, ठाणे)

टूथपेस्टचे चार हात आणि एक रात्र होऊनही काच ऐकत नसेल तर, आणि तेव्हाच. जाळल्याने सिलिकोनचा थर खरोखर जातो, यात शंका नाही. पण चूक झाली तर मास्कही जातो.

काचेवर टेम्पर्ड असं छापलेलं आहे ना, ते पाहा. मास्क पूर्ण कोरडा हवा. ज्योतीचं टोक काचेला आतून लागेल इतपत धरून सतत फिरवत राहा, एका जागी एक-दोन सेकंदांच्या वर थांबू नका. काच काळी पडेल. ती काजळी आहे, घाबरू नका. कडेपासून बोटभर अंतर राखा. स्कर्ट एकवेळ टिकेल, पण प्लास्टिकची चौकट वितळते किंवा वाकते, आणि वाकलेली चौकट पुन्हा पाणी अडवत नाही. मग काच आपोआप गार होऊ द्या. गरम काच पाण्यात घातली तर तडकू शकते. गार झाल्यावर काजळी पुसा आणि एकदा टूथपेस्ट फिरवा. नंबरची चिकटवलेली भिंगं, कोटिंगची काच, प्लास्टिक यांना ज्योत अजिबात नाही.

आमचं मत विचाराल तर दहातल्या नऊ जणांना लायटरची गरज नसते. त्यांनी टूथपेस्ट अर्धा मिनिट चोळलेली असते.

प्रश्न: खाली गेल्यावर मास्क फॉग झाला तर? इन्स्ट्रक्टर म्हणतो पाणी आत घे. ते कसं जमायचं? नाकाने श्वास घेऊ नको असंही सांगतात, तर मग मास्क चेहऱ्याला का रुतत होता? (वाचक, पणजी)

इन्स्ट्रक्टर बरोबर सांगतोय. रेग्युलेटरमधून संथ श्वास चालू ठेवा. स्कर्टची वरची कड एका बोटाने किंचित उचला, पाव मास्क भरेल इतकं पाणी आत येऊ द्या. नवशिक्यांचा घोटाळा इथे होतो: पाणी नाकाला लागलं की नकळत नाकाने आत ओढलं जातं. पाणी घेताना नाकातून अगदी बारीक श्वास बाहेर सोडत राहिलात तर ते होत नाही. मग चेहरा जमिनीकडे करा, म्हणजे पाणी काचेवर येईल. मान डावी-उजवी हलवून काच धुवा. आता तोंड थोडं वर करा, दोन बोटांनी चौकटीची वरची कड कपाळाशी दाबा आणि नाकातून एक लांब श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. एका श्वासात नाही गेलं तर दुसरा घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हे सगळं डोळे मिटून करायचं.

ट्राय डाइव्ह करणाऱ्यांनी हे स्वतः करत बसू नये. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे डोलवला की ‘काहीतरी गडबड आहे’ असा अर्थ. मग मास्ककडे बोट दाखवायचं. सोबतचा माणूस पुढचं पाहील.

रुतण्याबद्दल. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि मास्कमधली हवा आकसायला बघते. नाकातून थोडी हवा सोडून ती भरून काढली नाही तर मास्क चेहऱ्यावर शोषला जातो, डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळे लाल होतात. तेव्हा धुकं टाळण्यासाठी नाक एकदम बंद ठेवायचं नाही. खाली जाताना थोडी थोडी हवा सोडायची. तळाशी पोचल्यावर मात्र श्वास तोंडानेच. धुक्याचं पोषण होतं ते विनाकारण, दर श्वासाला नाकातून सोडलेल्या हवेने. पोहण्याच्या गॉगलने डाइव्ह करू नये, तेही यामुळेच: त्यात नाक बाहेर राहतं, हवा भरायची सोयच नाही.

प्रश्न: मला भरघोस मिशी आहे. पाणी झिरपतं आणि मास्क सारखा फॉगही होतो. व्हॅसलिन लावू का? (वाचक, कोल्हापूर)

झिरपण्यातूनच फॉग होतोय. पाणी काढायला तुम्ही दर मिनिटाला नाकातून हवा सोडत असणार, आणि प्रत्येक वेळी काचेला नवी वाफ मिळते.

मिशी काढा असं म्हणायचं धाडस आम्ही करणार नाही. नाकपुड्यांच्या लगेच खाली, स्कर्ट टेकतो तिथे, अर्धा सेंटिमीटरची पट्टी साफ केली तरी बराच फरक पडतो आणि समोरून कळतही नाही. व्हॅसलिन नको. ते काचेपर्यंत पोचतं, मग अँटिफॉग धरत नाही, आणि वेटसूटच्या रबरालाही बाधतं. लावायचंच तर सिलिकोन ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं, फक्त मिशीला. तेसुद्धा काचेला लागता कामा नये, नाहीतर पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. आणि पट्टा आवळू नका. जास्त आवळला की स्कर्ट दुमडतो आणि आणखी झिरपतं.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहते, लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत डाइव्ह करते. गोव्यात कधी न फॉग होणारा तोच मास्क इथे खाली गेलं की पांढरा पडतो. (वाचक, लेस्टर)

वरचा हिशेब पुन्हा मांडा. खालचं पाणी, म्हणजे काचही, 8 अंशांची धरा. 8 अंशांच्या हवेत घनमीटरला सुमारे 8 ग्रॅम वाफ मावते. नाकातल्या हवेतले 29 ग्रॅम काचेवर बसायला मोकळे, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ अडीचपट. शिवाय उन्हाळ्यात अशा खाणीत वरचं पाणी उबदार आणि थर्मोक्लाइनखालचं (उबदार आणि गार पाण्यामधल्या सीमेखालचं) एकदम गार असतं. ती रेषा ओलांडताना काच काही सेकंदांत गार होते आणि धुकं एकदम येतं.

शाम्पू इथे थोडा दाट ठेवा, एकास एक. जेलसारखं विकतचं अँटिफॉग गार पाण्यात जास्त टिकतं. घालण्याआधी मास्क दोन-तीन मिनिटं पाण्यातच ठेवा. आणि मुद्दाम चमचाभर पाणी आत राहू द्या: थर्मोक्लाइन ओलांडल्यावर मान खाली करून एकदा काच धुतली की झालं, पाणी घ्यायला गोठलेल्या बोटांनी स्कर्ट उचलावा लागत नाही. हुडची (डोक्यावरच्या टोपीची) कड स्कर्टखाली अडकलेली नाही ना, हे जोडीदाराकडून तपासून घ्या.

प्रश्न: उणे चारचा नंबर आहे. चष्मा आत घालता येईल? (वाचक, डोंबिवली)

नाही, काड्यांमुळे मास्क बसत नाही. दोन भिंगांच्या मास्कला नंबरची तयार भिंगं मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने. ती काचेचीच आणि बदलून बसवलेली घ्या. ती टूथपेस्टने साफ करता येतात. आतून चिकटवलेल्या भिंगांच्या फटीत ओल जाते आणि तिथलं धुकं काही केल्या निघत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण मास्क धुताना अँटिफॉग आत राहणार नाही असं पाहा.

प्रश्न: गेल्या मोसमात छान चाललेला मास्क पावसाळा डब्यात काढून ऑक्टोबरमध्ये पुन्हा फॉग व्हायला लागला. स्कर्टवर काळे ठिपकेही आलेत. (वाचक, रत्नागिरी)

बंद डब्यात चार महिने राहिला की सिलिकोनमधून निघालेला अंश पुन्हा काचेवर बसतो. नव्या मास्कइतका नाही. टूथपेस्टचा एक-दोनदा हात पुरतो. तो दर मोसमाआधी द्यायचाच, असं धरून चाला.

काळे ठिपके बुरशीचे आहेत. कोकणात मास्क ओलसर ठेवला की येणारच. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशने घासा, काच-स्कर्टची खाच सोडू नका. जुने ठिपके सिलिकोनच्या आत मुरतात, ते पुसट होतील, जाणार नाहीत. मास्कच्या कामाला त्याने बाध येत नाही. पुढच्या वेळी शेवटच्या डाइव्हनंतर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, सावलीत दोन दिवस वाळवा, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. डबा कडक हवा. पिशवीत फिन्सखाली दबून स्कर्ट वाकडा झाला तर तो सरळ होत नाही.

प्रश्न: तारकर्लीला सगळंच अंधुक दिसलं. मास्क फॉग झाला होता की पाणीच गढूळ होतं, हे ओळखायचं कसं? (वाचक, सोलापूर)

हाताचा पंजा मास्कसमोर वीतभर अंतरावर धरा. बोटांवरच्या रेषा स्पष्ट दिसल्या आणि पलीकडचं धूसर असेल तर पाणी गढूळ आहे, मास्कला हात लावू नका. रेषाही पुसट असतील तर मास्क फॉग झालाय.